अर्धा किलो

बाटली पाण्याची. आत वाळू, झाकणाला चिकटपट्टी.
"काका, ही उचला," स्वामी मॅडम म्हणायल्या.
मी बाटलीकडं बघितलं, मग मॅडमकडं,
मग दाराकडं. ओळखीचं कुणी नाही ना?

तीस वर्सं लातूरच्या आडतीवर
क्विंटलाचं पोतं ह्या पाठीनं पेललं.
तूर, करडी, सोयाबीन,
फळीवरून थप्पीच्या माथ्यापर्यंत,
दाताखाली बिडी, कमरेला आकडा.
चाँदपाशा आला म्हटलं की
ट्रकवाला इंजिन बंद करायचा नाही,
म्हणायचा, एवढ्यात रिकामी होती गाडी.
पोत्यामागं हमाली मिळाली.
पोत्यातनं उडून छातीत जे उतरलं
त्याची पावती कुणी फाडली नाही.

आता मोरीतनं खाटेपर्यंत येताना
दोनदा भिंत धरतो.
शर्टाची बटनं लावताना दम भरतो,
वरची दोन तशीच राहतात.

म्हणून ही बाटली.

"दहा वेळा. घाई नको.
उचलताना तोंडानं हळू फुंकर घाला,
दुधावरची साय सारतो तशी."
शेजारच्या खुर्चीतली निलाबाई खुदकन हसली,
"चाळीस वर्सं चुलीत तशीच फुंकलेय बाई,
म्हणून तर हितं आले."
मॅडमही हसल्या, आणि मधीच थांबल्या.
निलाबाईनं डोळे मिटले,
रिकाम्या मुठीत फुंकणी धरली
आणि फुंकलं. लांब. लई लांब.
कसलाच धूर आला नाही.

मी मोजायला लागलो. लाभ, दोन, तीन...
"लाभ?"
"मापाला एक म्हणत नसतेत, मॅडम. बरकत जाती."
औशाची पोरगी, तिला ठाऊक नव्हतं.
आता सगळी खोली लाभापासून मोजायली,
नाकात नळी घातलेले रिटायर गणिताचे मास्तरसुद्धा.

मग सायकल. जागची न हलणारी,
आणि तीही एका पायानं.
दुसरा पाय स्टुलावर, पाहुण्यासारखा बसलेला.
दोन्ही पायांनी एकदम मागितलं
तर छातीला पुरवठा होत नाही,
एकेकाला देते ती, उधारी न ठेवता.
हे मला सांगावं लागलं नाही.
हमाल कमी असले की ट्रक
एका बाजूनं उतरवायचा.
वेळ लागतो. पण उतरतो.

"दम किती लागला? शून्य ते दहात सांगा."
मला तसं सांगता येईना. म्हटलं, तीन पोती.
त्यांनी वहीत तेच लिहिलं, तीन पोती.
मागं पान उलटून दाखवलं,
पहिल्या हप्त्यात सात होती.
बरं झालोय, असं त्या म्हणाल्या नाहीत.
छाती जुनी व्हायची नाही तर नवी थोडीच होणार.
पाय मात्र, म्हणाल्या, शिकायलेत.

परवा आडतीवर गेलो.
गेटपर्यंत रिक्षा, पुढं पायी.
दोनदा थांबलो. एकदा खरंच,
एकदा पानवाल्याला उगीच भाव विचारत.
सौदा सुरू होता, सगळे ढिगापाशी.
मी पिशवीतनं बाटली काढली
आणि मोठ्या काट्यावर ठेवली.
शून्य.
जरा सरकवली. शून्य.
क्विंटलं तोलणाऱ्याला
अर्धा किलो दिसतच नाही.
त्याचं तरी काय चुकलं,
मला तरी कुठं दिसत होता.

गफूरचा पोरगा आला, पाठीवर पोतं,
केसांत, भुवयांत तुरीचा भुसा.
"चाचा, ह्यात काय हाय?"
"वाळू. मांजरेची."
"कशाला?"
मी बाटली उचलली, ओठ गोल केले.
लाभ, म्हटलं.
तो पोत्याखालनं बघत उभा राहिला.
मी खिशातला रुमाल काढला
आणि त्याच्या नाकातोंडावर बांधला.